सीनेचा गोटा आणि चतुर्थीचा चंद्र : गच्चीवरच्या नोंदी

दोन महिने मनात घोळत असलेला प्रयोग अखेर जमला. त्यामागे पुतणीचा एक प्रश्न आहे. संकष्टीला आई चंद्राला ओवाळत होती, तेव्हा तिनं विचारलं, "आजी, चंद्र दिवाच आहे ना? मग दिव्याला दिवा कशाला दाखवतेस?" आई म्हणाली, "काकाला विचार, तो रोज बघतो."

'चंद्र परप्रकाशी आहे' हे शाळेतलं उत्तर मी लगेच दिलं असतं. पण सात वर्षांच्या मुलीला त्यातून काय दिसणार? तिला डोळ्यांनी पटायला हवं होतं.

भाद्रपद पौर्णिमेला, ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री, खग्रास ग्रहण झालं. पृथ्वीची सावली चंद्रावर ८२ मिनिटं पूर्ण होती. ऊन अडलं की चंद्राची चमक जाते आणि पृथ्वीच्या वातावरणातून वळून गेलेला तांबूस उजेड तेवढा उरतो. स्वतःचा उजेड असता तर आपल्या सावलीनं तो गेला नसता. पुरावा पक्का आहे, पण तोवर पुतणी झोपून गेली होती.

म्हणून दिवसाचा चंद्र धरला. चतुर्थीचा चंद्र रात्री उशिरा उगवतो आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत पश्चिमेला असतो. मार्गशीर्षातल्या संकष्टीनंतरच्या सकाळी आठला आम्ही दोघं जुळे सोलापुरातल्या आमच्या गच्चीवर होतो. पाठीशी सूर्य, समोर चंद्र. सीना नदीच्या पात्रातून आणलेला लिंबाएवढा काळा गोटा तिच्या हातात दिला आणि चंद्राच्या बाजूला धरायला सांगितलं. गोट्याची वरची बाजू उन्हात उजळली होती, खालची किनार काळी. चंद्राचंही तसंच : वरून उजळ, खालून थोडा खाल्लेला. तिनं गोटा आणखी उंच धरला, एक डोळा मिटला आणि हळूच म्हणाली, "काका, दोन्ही सारखेच कापलेत." सूर्य एकच, उजेडाची दिशा एकच, मग सावलीही एकाच बाजूला पडणार.

मग कॅमेरा. आधीच्या महिन्यात ऑटोवर ठेवल्यामुळे दोन्ही फोटो वेगवेगळ्या एक्स्पोजरचे आले आणि तुलनाच होईना. या वेळी मॅन्युअल : आयएसओ १००, एफ/८, शटर १/१२५. आधी चंद्र, मग काहीही न बदलता कठड्यावरचा गोटा, मग शेजारची चुना दिलेली भिंत. चंद्र आणि गोटा जवळजवळ एकाच करड्या छटेचे आले, चंद्रावर आकाशाची निळसर झाक तेवढी जास्त. भिंत मात्र पांढरी फटक, तपशील पार जळलेले. चंद्रावर पडलेल्या उन्हापैकी सुमारे १२ टक्केच परत येतं, हे वाचलं कितीदा तरी होतं, पण फोटो शेजारीशेजारी लावल्यावरच ते अंगात मुरलं. रात्री तो शुभ्र दिसतो, कारण भोवती काळोख असतो. आणि योग असा की चंद्रावरचे काळे डाग बेसॉल्टचे आहेत, आपला सोलापूरचा काळा दगडही बेसॉल्टच. वयात मात्र फार फरक : दख्खनचा सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, तिथला बहुतेक ३ ते ४ अब्ज वर्षांचा. आर्यभटानं इ.स. ४९९ मध्ये चंद्र पाण्याचा मानला होता. ते चुकलं, पण उजेड सूर्याचा हे त्यानं बरोबर ओळखलं होतं. मला त्याचं फार मोल वाटतं.

एक नोंद जाता जाता. अष्टमीला पौर्णिमेच्या निम्मा उजेड असेल असं वाटतं, पण तो जेमतेम दहावा भाग असतो. हिप्परग्याच्या तलावाकाठी पौर्णिमेला वर्तमानपत्राचे मथळे वाचता आले, आधीच्या अष्टमीला नाहीत. अष्टमीच्या तिरप्या उन्हात चंद्राच्या खडबडीत जमिनीवर सावल्याच सावल्या पसरतात. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीशी असतो, सावल्या दगडांच्या आड लपतात.

पुतणीचा पुढचा प्रश्न होता, "मग चांदणं खोटं का?" अजिबात नाही. जळतो तो दिवा, आणि चंद्र जळत नाही, म्हणून तो दिवा नव्हे, हे मी तिला ठामपणे सांगितलं. पण चांदणं खरा उजेड आहे. ज्वारीच्या राखणीला जाणारे आमचे आजोबा याच उजेडात बांधावरून चालत. आई ऐकत होती. म्हणाली, "मग मी ओवाळते ते बरोबरच की रे." मी हो म्हटलं.

आता पौषातली शुद्ध द्वितीया. कोरीच्या आतला उरलेला गोल तेव्हा अंधुक दिसतो. तो उजेड सूर्याकडून आधी पृथ्वीवर पडतो, इथून चंद्रावर जातो आणि परत आपल्याकडे येतो. सहा इंची डॉब्सोनियन दुर्बिणीला २५ मिमीचा आयपीस लावून आधी डोळ्यांनी बघणार, मग ट्रायपॉडवर आयएसओ ८००, एफ/५.६, एक सेकंद. पुतणीनं गोटा माझ्याकडून मागून घेतलाय. कठड्यावर ठेवलाय, पश्चिमेच्या कोपऱ्यात.