स्क्रीन काळी, थर्मोस्टॅट निर्दोष

शनिवार, रात्र

सकाळी हॉलमध्ये आले तर भिंतीवरचा थर्मोस्टॅट, म्हणजे खोलीचं तापमान पाहून एसी चालू-बंद करणारं यंत्र, ठार बंद. एरवी जवळून नुसतं गेलं तरी आकडा उजळतो. आज बोट टेकवलं, रिंग फिरवली, दाबून धरली, ढिम्म. एसी अर्थातच बंद, आणि घरात दमट ऊब साचलेली.

काल संध्याकाळी फोनवर तो ऑफलाइन दिसत होता, घरातलं वायफाय मात्र ठणठणीत होतं. आज हीच खूण कामाला आली. या यंत्राच्या पोटात एक छोटी रिचार्ज होणारी बॅटरी असते. बाहेरून वीज यायची थांबली की ते आधी वायफाय सोडतं, मग स्क्रीन आवरतं आणि शेवटी मान टाकतं. म्हणजे बिघाड आज सकाळचा नव्हताच. वीज कालच कुठेतरी तुटली होती.

नवरा म्हणाला, "रीसेट मारून बघ ना." हा सल्ला जो तो देतो. पण जिथे वीजच पोचत नाही तिथे रीसेट कशाचं करायचं? आणि लागलंच चुकून, तर वेळापत्रक, वायफायचा पासवर्ड, कुठल्या टर्मिनलला (वायर खोचायच्या जागेला) कुठली वायर, सगळं पुन्हा भरत बसा. माझ्या मते रीसेट अगदी शेवटी, तेही स्क्रीन उजळत असेल तरच.

जुन्या गोल थर्मोस्टॅटला ही भानगडच नव्हती. हनीवेलचा तो प्रसिद्ध गोल नमुना 1953 मधला, आणि तसलाच एक आमच्याकडे खणात अजून पडून आहे. झाकण काढलं की आत दोन धातूंच्या पट्टीचं वेटोळं दिसतं. दोन्ही धातू उष्णतेने कमीजास्त फुगतात, त्यामुळे वेटोळं वळतं, त्यावर बसवलेली काचेची कुपी कलते आणि आतला पाऱ्याचा थेंब सरकून दोन टोकं जोडतो. खोलीतल्या उष्णतेवरच सगळा कारभार, स्वतःसाठी वीज शून्य. (पाऱ्यामुळे असली वस्तू कचऱ्यात टाकायची नाही, म्हणून ती खणात.) 1883 मध्ये वॉरन जॉन्सन या शिक्षकाने विजेच्या थर्मोस्टॅटचं पेटंट घेतलं, ते उपकरण तर तळघरातल्या माणसाला घंटा वाजवून कळवण्यापुरतंच होतं. थर्मोस्टॅटचं मूळ काम आजही तेवढंच आहे, यंत्राला निरोप देणं. फरक इतकाच की आताच्या निरोप्याला स्क्रीन आहे, रेडिओ आहे, आणि म्हणून त्याला चोवीस तास खायला लागतं.

हे खाणं येतं एअर हँडलरमधल्या (माळ्यावरच्या, थंड हवा घरभर ढकलणाऱ्या यंत्रातल्या) ट्रान्सफॉर्मरकडून, 24 व्होल्ट एसी (इथे एसी म्हणजे दिशा बदलत वाहणारी वीज). वायरी टर्मिनलवरच्या इंग्रजी अक्षरांनी ओळखायच्या. आर वायरने वीज येते, सी वायरने परत जाते. वाय म्हणजे कूलिंग, डब्ल्यू म्हणजे हीटिंग, जी म्हणजे पंखा. बऱ्याच जुन्या घरांत सी वायर ओढलेलीच नसते, कारण पाऱ्याच्या थर्मोस्टॅटला तिची गरज नव्हती. मग स्मार्ट थर्मोस्टॅट वाय किंवा डब्ल्यूच्या सर्किटमधून थोडी थोडी वीज चोरून बॅटरी भरत राहतो. कधी पुरते, कधी नाही, आणि जास्त खेचली तर रिले (यंत्र चालू-बंद करणारा विजेचा स्विच) उगाच टकटक करायला लागतो. माझ्या भावाकडे हेच झालं होतं. त्याच्या भिंतीत न वापरलेली एक निळी वायर गुंडाळून कोंबलेली सापडली, ती दोन्हीकडे सी-ला जोडली आणि दुखणं संपलं. अशी जास्तीची वायर नसेल तर 24 व्होल्टचा वेगळा अ‍ॅडॅप्टर लावता येतो.

आमच्याकडे मात्र सी वायर पहिल्यापासून आहे, म्हणून संशय दुसरीकडे.

आधी एमसीबी पाहिला, वरच होता. एअर हँडलरशेजारचा स्विच चालू. हा स्विच दिसायला अगदी दिव्याच्या बटणासारखा असतो. माळ्यावर सामान ठेवायला गेलेला माणूस जाता जाता तो बंद करून येतो आणि घरभर शोधाशोध होते. मग यंत्राचा पत्रा. त्याच्या मागे एक दाबाचा स्विच असतो. पत्रा नीट बसला नसेल तर तो दाबला जात नाही आणि आत वीज जात नाही. फिल्टर बदलल्यानंतर थर्मोस्टॅट मेला, ही तक्रार बहुतेक वेळा इथेच सुटते. आमचा पत्रा घट्ट होता.

एमसीबी पाडून पत्रा काढला. कंट्रोल बोर्डवर गाडीतल्यासारखा पात्याचा फ्यूज असतो, जांभळा 3 अँपिअरचा, फिकट तपकिरी 5 चा. वीज चालू ठेवून थर्मोस्टॅटच्या वायरी हाताळताना आर आणि सी एकमेकांना चाटल्या की हा बिचारा जातो. काढून उजेडात धरला, आतली तार अखंड. परत खोचला आणि पत्रा लावला.

खाली येऊन थर्मोस्टॅट भिंतीवरून ओढून काढला. तो नुसता मागच्या पट्टीवर बसवलेला असतो, अलगद निघतो. वायरी एकेक करून हलकेच ओढून पाहिल्या, सगळ्या घट्ट. तांब्याचं टोक सरळ, काळं पडलेलं नाही, आणि साधारण एक सेंटिमीटर उघडं. इथे एक सांगून ठेवते. भिंतीतून अशा बारीक रंगीत वायरींऐवजी जाड वायरी आल्या असतील, त्यांवर टोप्या पिळलेल्या असतील किंवा जुन्या थर्मोस्टॅटवर 120 किंवा 240 व्होल्ट लिहिलेलं असेल, तर तिथे हात घालायचाच नाही. ती सरळ मेन्सची वीज आहे आणि हा थर्मोस्टॅट त्यासाठी नाही. इलेक्ट्रिशियनला बोलवायचं.

मग एमसीबी वर केला आणि मल्टिमीटर (वीज मोजायचं यंत्र) एसी व्होल्टवर लावून एक टोक आरला, एक सीला. शून्य.

इथपर्यंत आल्यावर नवा थर्मोस्टॅट मागवायचा विषय घरात निघाला होता. सासूबाई म्हणाल्या, "अगं, जुनाच बरा होता." पण भिंतीवरच वीज शून्य असेल तर नवा आणून काय होणार? तोही काळाच राहणार. अनेक लोक इथेच पैसे घालवतात, म्हणून मला वाटतं की थर्मोस्टॅटला नावं ठेवण्याआधी मल्टिमीटर हातात घ्यावा.

पुन्हा माळ्यावर, पत्रा काढला. नवऱ्याने पत्र्यामागचा स्विच बोटाने दाबून धरला आणि मी बोर्डवरच्या आर-सीला टोकं लावली. (आत मेन्सची वीज असते. मोजण्यापलीकडे कशालाही शिवायचं नाही.) सव्वीसच्या वर आकडा स्थिर. 24 ते 28 च्या मधलं काहीही चालतं. म्हणजे ट्रान्सफॉर्मर ठीक, फ्यूज ठीक, बोर्ड ठीक. बोर्डवर वीज आहे आणि भिंतीवर नाही, मग ती वाटेतच कुठेतरी अडली आहे. हा क्षण मला फार आवडला. सकाळपासून अख्खं घर संशयित होतं, आता फक्त एक लाल वायर उरली.

एमसीबी पाडून तिचा माग काढला. बोर्डवरून निघून ती थेट भिंतीकडे जायच्या ऐवजी वळसा घालून पाण्याच्या पांढऱ्या पाइपापाशी गेली होती. तिथे पाइपावर एक बुटकं टोपण, त्यातून दोन बारीक वायरी. फ्लोट स्विच! एसी थंड करताना हवेतलं पाणी निथळतं, दमट दिवसांत कित्येक लिटर, आणि ते या पाइपाने बाहेर जातं. पाइप तुंबला की पाणी चढतं, फ्लोट वर उचलला जातो आणि सर्किट तुटतं, म्हणजे छतातून पाणी गळण्याआधी यंत्र थांबतं. ज्याने बसवला त्याने तो आर वायरमध्येच घातला होता, त्यामुळे एसीबरोबर थर्मोस्टॅटचंही खाणंपिणं बंद.

टोपण उचललं तर पाइप काठोकाठ भरलेला. फ्लोट बाहेर काढून खाली लोंबू दिला, पत्रा तात्पुरता बसवला, थर्मोस्टॅट भिंतीवर टेकवला आणि एमसीबी चालू केला. थोड्या वेळाने खालून नवऱ्याची हाक आली, "अगं, लाल दिवा लुकलुकतोय!" म्हणजे वीज पोचली. पुन्हा बंद केलं, कारण पाणी तसंच ठेवून फ्लोटला बगल देणं म्हणजे छताची वाट लावणं.

पाइपाचं तोंड घराबाहेर, भिंतीशी आहे. ओलं ओढणाऱ्या व्हॅक्यूमची नळी त्यावर ठेवून भोवती ओला फडका आवळला. थोडा वेळ नुसती घरघर, मग एकदम गळगळ. टाकीत पाहिलं तर तपकिरी-हिरव्या, जेलीसारख्या लांब लांब दोऱ्या. शेवाळ आणि धूळ. वरून कोमट पाणी ओतलं, ते खाली सरळ धारेने आलं.

फ्लोट जागेवर बसवला, पत्रा लावला, एमसीबी वर केला. थर्मोस्टॅट मात्र लगेच उठला नाही. बॅटरी पार तळाला गेली होती, म्हणून मागच्या यूएसबीला चार्जर लावून टेबलावर ठेवला. आमच्या नमुन्याला ती सोय आहे, सगळ्यांना नसते. जेवणं होईपर्यंत तो जागा झाला, भिंतीवर बसवला, आणि वेळापत्रकही जसंच्या तसं होतं.

रविवार

एसी रात्रभर चालला. सकाळी पाइपाच्या टोकाशी थेंब पडत होते, म्हणजे पाणी निघतं आहे. पाइपात अधूनमधून व्हिनेगर ओतलं की शेवाळ लवकर धरत नाही, त्याची आठवण फोनमध्ये लावली.

पत्र्याच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला: कुठली वायर कुठल्या टर्मिनलला, फ्यूज किती अँपिअरचा, आणि फ्लोट स्विच आर वायरमध्ये आहे. रंग लिहिले, पण समोर अक्षरंही लिहिली, कारण वायर ओढणाऱ्याने हाताला लागेल तो रंग वापरलेला असू शकतो. आमच्याकडे पिवळी वायर जीला आहे आणि हिरवी वायला.