आज पालखी कुठं?

तरडगावच्या माणसाला वारीला जावं लागत नाही, वारीच त्याच्या दारात येते, असं हे म्हणायचे. लोणंदचा मुक्काम हलला की चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण होतं आणि मग ज्ञानोबांची पालखी तरडगावात मुक्कामाला येते. त्या दिवशी सासूबाई पहाटेपासून भाकऱ्या थापत आणि हे वारकऱ्यांना पाणी वाटत.

त्या गावातून हे 1971 साली अमेरिकेला गेले. 1965 च्या कायद्यानं तिथला देशवार कोटा उठला होता, शिकलेल्या इंजिनिअरांना तिथं मागणी होती. इकडून निघताना मात्र फक्त आठ डॉलर नेता येत. डेट्रॉईटजवळ गाड्यांच्या सुट्या भागांचे साचे बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली. मागून मी गेले. लेक तिथंच जन्मली.

गेल्या हिवाळ्यात हे गेले. यंदा आम्ही मायलेकी आळंदीहून निघालो.

पुणे ते सासवड ही वारीतली सगळ्यात मोठी मजल, आणि त्यात दिवे घाट. चढावर मला दम लागला, तेव्हा डोक्यावर तुळस घेतलेली एक बाई मागं वळून म्हणाली, "माऊली, पायाकडं बघू नका, टाळाकडं ध्यान द्या." लेक शेजारी पुटपुटत होती : सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. एकही मुक्काम चुकला नाही. चालणाऱ्यांनी कौतुकानं विचारलं, कुठून शिकलीस? ती म्हणाली, "बाबांकडून."

भाऊजी दरवर्षी पत्रातून पालखीचं वेळापत्रक पाठवायचे. ते फ्रिजवर लागायचं. लेक विचारायची, "बाबा, आज पालखी कुठं?" डबा ओट्यावर ठेवत हे सांगायचे, "आज वाल्हे." मग चहा घेऊन चालायला बाहेर पडायचे. जूनमध्ये मिशिगनला रात्री नऊपर्यंत उजेड असतो, तोवर चालायचे. जुलैच्या सुरुवातीला तिकडचे गाड्यांचे कारखाने दोन आठवडे बंद असायचे. बऱ्याचदा आषाढी त्याच सुमारास यायची. सुट्टी हातात असायची, पण तिकिटाचे पैसे कधी भाऊजींच्या विहिरीला जायचे, कधी नणंदेच्या लग्नाला. त्याबद्दल ह्यांच्या तोंडून मी कुरकूर ऐकली नाही. 1980 च्या मंदीत नोकरी गेली. रात्री पेट्रोल पंपावर उभे राहिले, पण घरी पैसे पाठवणं थांबलं नाही आणि गावाला कळूही दिलं नाही.

1982 चा जून मी विसरणार नाही. जपानी गाड्यांमुळं आपल्या नोकऱ्या जातात, या रागात डेट्रॉईटला व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या तरुणाला बेसबॉलच्या बॅटनं मारलं. तो वाचला नाही. पालखी तेव्हा वाटेत होती. मी ह्यांच्या हातापाया पडले, आता संध्याकाळी बाहेर जाऊ नका. ह्यांनी ऐकलं. पण त्या वर्षी घराच्या तळघरात, वॉशिंग मशीनच्या भोवती, रोज तासभर चालले. वर स्वयंपाकघरात मला पावलं ऐकू यायची.

यंदा तरडगावात शिरताना भावकीतले एक म्हातारे भेटले. म्हणाले, "लई गुणाचा पोरगा. पण परदेशी गेला अन् वारी सुटली त्याची." वडीलधारं माणूस, तरी मी गप्प बसले नाही. म्हटलं, "मामा, सुटली नाही. मी पाहिलंय." मग तळघराचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

पालखीतळावर संध्याकाळी समाजआरती झाली. सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या, हजारो टाळ एकाच वेळी वाजत होते. चोपदारानं हातातला काठीसारखा चोप वर केला, "होऽऽ" अशी हाक दिली, आणि सगळं शांत. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची नावं पुकारली : एक चष्मा, एक पिशवी, एक टाळ. लेक माझा दंड धरून ढसाढसा रडायला लागली. लहानपणी घरात भांडण पेटलं की हे बर्फ ओढायचं फावडं उंच धरून "होऽऽ" म्हणायचे, आणि पोरीनं गप्प व्हायचं असा नियम होता. तिला तो बाबांनी काढलेला खेळच वाटत आला होता.

तिथून पुढं पाऊस लागला. सदाशिवनगरला गोल रिंगणात अश्व धावला, त्याच्या टापांखालची माती लोकांनी कपाळाला लावली. लेकीनं ती चिमूटभर रुमालात बांधून घेतली. वेळापूरच्या उतारावर सगळ्यांबरोबर मीही धावले, या वयात.

वाखरीला पोचलो तेव्हा लेक दिंडीप्रमुखांकडे गेली. पुढच्या वर्षाची भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणाखाण्याची वर्गणी, किती, पोरगा पंधराचा आहे, त्याला चालेल का, हे विचारून तिघांची नावं लिहून आली.