डेडस्टॉकमधला जिवंत प्रिंटर

नाताळच्या सुट्टीत, कॉलेजात चिटपाखरू नसताना, आमचं जीएलपीआय, म्हणजे संगणकांची यादी ठेवणारं सॉफ्टवेअर, एकदाचं ११व्या आवृत्तीवर नेलं. आवृत्ती आली तेव्हाच हात शिवशिवत होते, पण दोन-चार दुरुस्त्या येऊ दिल्या. नवी गाडी घेतली म्हणून पहिल्याच दिवशी कोणी कुंभार्ली घाटात घालत नाही.

मी चिपळूणमधल्या एका शिक्षणसंस्थेत संगणक विभाग सांभाळते. विभाग म्हणजे मी, मदतीला एक मुलगा आणि जिन्याखालची खोली. म्हणजे खोली पूर्वी जिन्याखाली होती. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी तळमजल्यावर पुरुषभर चढलं, तेव्हापासून आम्ही पहिल्या मजल्यावर.

या सगळ्या प्रकरणाची सुरुवात त्या पुरातच आहे. पाणी ओसरल्यावर चिखलातून मशिनं बाहेर काढली, अंगणात ओळीने मांडली. विम्याचे सर्व्हेअर आले आणि म्हणाले, "मॅडम, सीरियल नंबरांची यादी द्या." यादी होती ना, जडसंग्रह नोंदवहीत. बोलीभाषेत डेडस्टॉक रजिस्टर. ते तळमजल्याच्या कपाटात होतं, त्याचा लगदा झालेला. एक पान वाचता आलं, त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: "संगणक, नग २२, रंग काळा." बास. ज्याच्यावर नंबर छापलेले असतात ती स्टिकरं चिखलाबरोबर गेलेली. तशी ती पूर नसतानाही जातात म्हणा. आमच्याकडे श्रावणात भिंतीला बुरशी धरते, तिथे स्टिकरचा डिंक काय टिकणार!

नवीन मशिनं आली तेव्हा ठरवलं की यादी माणसाने लिहायची नाही, मशिनने स्वतः सांगायची. आधी स्वतःच एक छोटी स्क्रिप्ट लिहून प्रत्येकाचा सीरियल नंबर एक्सेलमध्ये ओढला. लॅबमधल्या असेंबल केलेल्या मशिनांनी एका सुरात उत्तर दिलं, "टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम." म्हणजे बनवणाऱ्याने भरायचा रकाना, आणि तो कुणी भरलेलाच नाही. आमच्याच ऑफिसातून आलेली मशिनं वाटली मला.

मग जीएलपीआय घेतलं. मूळ फ्रान्समधलं, २००३पासूनचं, मुक्त सॉफ्टवेअर, लायसन्सचा पैसा नाही. नाहीतर आमच्या व्यवस्थापन समितीपुढे विषयच गेला नसता. २०२२मध्ये १०वी आवृत्ती आली तेव्हा त्यात मोठा फरक पडला. त्याआधी मशिनची माहिती आपोआप गोळा करायची तर फ्यूजनइन्व्हेंटरीसारखं वेगळं प्लगइन (वरून जोडायचा भाग) लावावं लागायचं, आणि मुख्य सॉफ्टवेअर वाढवलं की प्लगइन मागे राहायचं. १०मध्ये ते काम मूळ सॉफ्टवेअरमध्येच आलं. प्रत्येक मशिनवर त्याचा एजंट, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, टाकायचा. तो प्रोसेसर, रॅम, डिस्क, टाकलेली सॉफ्टवेअरं वाचून सर्व्हरला कळवतो. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मॉनिटरची. केबलमधूनच मॉनिटर आपला सीरियल नंबर आणि बनल्याचं वर्ष सांगतो, ते एजंट टिपतो. त्यामुळे "हा चांगला मॉनिटर प्राचार्यांच्या केबिनमध्ये कसा गेला" हा प्रश्न आता मी पुराव्यासकट विचारू शकते. विचारत नाही, ते वेगळं.

ते "टू बी फिल्ड" प्रकरण जीएलपीआयला आधीच माहीत होतं. असल्या निरुपयोगी नंबरांची तयार काळी यादीच आत असते. त्यातला नंबर आला की तो धरायचा नाही, ओळख दुसऱ्या खुणेवरून पटवायची. दुसरी खूण बहुधा नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे प्रत्येक कार्डाला कारखान्यातच मिळालेला क्रमांक.

इथेच मी आपटले. मे महिन्याच्या शेवटी वळवाचा पाऊस, कडकडाट, लाईट गेली. दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या सहा मशिनांचे लॅनचे पोर्ट मेलेले. वीज थेट पडलीच पाहिजे असं नाही, बाहेरून ओढलेल्या लांब केबलीतून झटका आत येतो. (दोन इमारतींमध्ये फायबर, म्हणजे वीज न वाहणारी केबल, टाका म्हणून माझा अर्ज तेव्हापासून फायलीत आहे.) नवीन कार्डं येईपर्यंत माझ्याकडे यूएसबीचा एकच लॅन डोंगल, म्हणजे बाहेरून लावायचं नेटवर्क कार्ड. तोच एकेका मशिनला लावायचा, एजंट टाकायचा, माहिती पाठवायची, काढून पुढच्याला. संध्याकाळी पाहते तर सहाच्या जागी एकच संगणक दिसतोय. त्याचं नाव सकाळी लॅब-०७ होतं, दुपारी लॅब-११, आता लॅब-१४.

दोन तास मी सर्व्हरला शिव्या दिल्या. घरी फोन करून कुकर लावायला सांगितला. मग डोक्यात उजेड पडला. सीरियल नंबर काळ्या यादीत, म्हणून तो बिचारा मॅक पत्त्यावर विसंबला, आणि मॅक पत्ता होता डोंगलचा. त्याच्या हिशोबाने एकच मशिन नाव बदलत फिरत होतं. डोंगलचा पत्ताही काळ्या यादीत टाकला, सहाही मशिनं पुन्हा पाठवली, सहा दिसली. जे कुणी जुन्या मशिनांवर हे करणार असाल, त्यांनी फिरता डोंगल असेल तर हे काम आधी करा.

आता नव्या आवृत्तीकडे. ११मध्ये मला हवी होती ती एकच सोय. आपल्याला लागेल तो वस्तूचा प्रकार स्वतः तयार करता येतो, त्याला हवे ते रकाने जोडता येतात, आणि त्यासाठी वेगळं प्लगइन लागत नाही. मी पहिला प्रकार केला "इन्व्हर्टर बॅटरी", आणि पहिला रकाना "पाणी घातल्याची तारीख". फ्रान्समधल्या कुणाला हे सुचलं नसतं. दुसरा प्रकार यूपीएस, तिसरा सीसीटीव्हीचा डीव्हीआर, चौथा अर्थिंगचा खड्डा. अर्थिंगच्या खड्ड्याला कोणता एजंट टाकणार असं मुलाने विचारलं. मी म्हटलं, तुला.

तक्रार अर्जही आता आतच तयार करता येतात. ते मी अजून उघडून पाहिलेले नाहीत. आमच्याकडे तक्रार व्हॉट्सॲपवर येते, तीही "नेट नाय" एवढीच.

या सगळ्याचा खरा उपयोग झाला १४ ऑक्टोबर २०२५च्या आधी. त्या दिवशी विंडोज १०चा आधार (मायक्रोसॉफ्टच्या मोफत दुरुस्त्या) संपणार होता आणि समितीला विचारायचं होतं की किती मशिनं विंडोज ११ला चालतील. इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. प्रोसेसरच्या नावावर गाळणी लावली, चहा यायच्या आत यादी तयार. पूर्वी याला दोन दिवस आणि टेबलांखाली वाकून कंबर गेली असती.

एक गोष्ट मात्र खटकते. एजंट एनीडेस्कसारख्या, दुरून मशिन चालवायच्या सॉफ्टवेअरचे आयडीसुद्धा उचलतो. कामाला सोपं आहे, पण कुणाच्या मशिनवर काय टाकलंय हे सगळं एका पडद्यावर दिसणं बरं नव्हे. म्हणून बघायचा हक्क दोघांनाच ठेवलाय.

राहिला प्रिंटर. स्विच (नेटवर्कच्या केबली जोडायची पेटी) आणि प्रिंटर यांच्यावर एजंट टाकता येत नाही, त्यांना एसएनएमपीने, म्हणजे नेटवर्कवरच्या उपकरणांशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीने, विचारावं लागतं, यूडीपीच्या १६१ क्रमांकाच्या पोर्टवर. मॅनेज्ड, म्हणजे असं विचारल्यावर उत्तर देणारा, स्विच असेल तर तो सांगतो, कुठल्या पोर्टावर कोणता मॅक पत्ता दिसतोय. एका पोर्टावर पाच-सहा पत्ते दिसले की जीएलपीआय तिथे हब, म्हणजे अनेक मशिनं जोडणारी आणखी एक पेटी, आहे असं धरून चालतं. ग्रंथालयात असा एक सापडला. नियतकालिकांच्या कपाटामागे कुणीतरी छोटा स्विच लावून वाय-फाय घेतलं होतं. कुणी, ते ग्रंथपाल मॅडमनाही ठाऊक नाही म्हणतात.

जानेवारीत एजंटच्या टूलबॉक्समधून सगळ्या इमारतीची आयपी रेंज, म्हणजे नेटवर्कवरचे सगळे पत्ते, फिरवली, तर यादीत नसलेला एक प्रिंटर उत्तर देऊ लागला. सीरियल नंबर नवीन रजिस्टरात शोधला. होता. २०२३मध्ये निर्लेखित, म्हणजे निकामी म्हणून नोंदीतून काढलेला, कारण "दुरुस्तीपलीकडे". पण एकूण छापलेली पानं रोज वाढताहेत, टोनर अर्ध्यावर. भुताटकी म्हणावी तर कोकणात तेही खपतं. शिपाईकाकांना विचारलं.

"तो ना? परीक्षा विभागात हाय. पोरानं भंगारवाल्याच्या आधी उचलला, रोलर बदलला. रोज पेपर काढतो. मॅडम, त्येला हात लावू नुको."

हात कशाला लावू, पण नोंद तर हवी. रजिस्टर सांभाळणाऱ्या भाऊसाहेबांकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, रजिस्टर उघडलं, बराच वेळ पानं उलटली. निर्लेखित वस्तू परत जमा करायला रकानाच नाही. "मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरात काय आहे?" मी म्हटलं, तिथे फक्त "वापरात" असं बदलायचं. "तुमचं बरं आहे," ते म्हणाले, आणि शाईच्या पेनाने लिहू लागले: "प्रिंटर, नग १, देणगी म्हणून प्राप्त." देणगीदाराच्या रकान्यापाशी थोडे अडले. मग आमच्याच कॉलेजचं नाव लिहिलं आणि खाली माझी सही घेतली.