दहाच्या खाली

गुरुवार, रात्र

आमवातासाठी घेते ती स्टेरॉईडची गोळी, प्रेडनिसोलोन, आजपासून साडेसात मिलिग्रॅम. म्हणजे पाचची दीड गोळी. अडीचची गोळी तालुक्याच्या मेडिकलात मिळत नाही, म्हणून ब्लेडनं तोडायची. बोटं आखडलेली, गोळी एवढीशी. अर्धी टुणकन उडून फ्रीजखाली गेली. आता लेक आली की तिच्याकडून आठवडाभराच्या तोडून घेईन.

पंधरावर होते तेव्हा काय दिवस होते! दोन-तीन दिवसांतच मूठ वळायला लागली, भाकर थापता आली. १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये आमवाताच्या एका बाईला पहिल्यांदा कॉर्टिसोन, याच जातीचं स्टेरॉईड, टोचलं आणि ती काही दिवसांतच चालायला लागली, असं लेकीनं वाचून दाखवलं. १९५० चं नोबेल मिळालं त्या शोधाला. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, हे रडगाणं मागाहून आलं. माझं तोंडही गोल झालंय. गावात म्हणतात, ‘तब्येत सुधरली तुमची!’ काय सांगावं?

आता सकाळी कडी निघत नाही. दहा वाजेपर्यंत अंग लाकूड. आणि नेमकं काय दुखतंय ते कळत नाही: मूळ आजार, कमी केलेली गोळी, की नवी अजून लागू पडली नाही म्हणून? डॉक्टर म्हणतात, ईएसआर-सीआरपी, म्हणजे अंगातली सूज सांगणाऱ्या रक्ताच्या तपासण्या, बघून ठरवू. एकदम बंद मात्र करायची नाही. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रोज थोडं स्टेरॉईड स्वतःच बनवतात. बाहेरून आयतं मिळत राहिलं की त्या सुस्तावतात. त्यांना जागं व्हायला वेळ द्यावा लागतो.

आमवाताचीच नवी गोळी मेथोट्रेक्झेट. आठवड्यातून एकदाच. डॉक्टरांनी चिठ्ठीवर मराठीत लिहून खाली दोन रेघा मारल्यात. चुकून रोज घेतली तर तोंड येतं, रक्तातल्या पेशी घटतात, माणूस दगावूही शकतो. म्हणून बाजाराचा दिवस धरला, आणि डबी सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्यांपासून लांब, वरच्या फळीवर. शुक्रवारी मळमळतं. जाऊबाईंनी वांग्याला फोडणी दिली की मी अंगणात. शनिवारी फॉलिक ॲसिड, त्या गोळीचा त्रास कमी व्हावा म्हणून.

दुपारी शेजारच्या काकू आल्या. "काऊन कमी करून राह्यली त्या गोळ्या? मी पुडी आणून देतो तुले. सकाळी घेतली का संध्याकाळी वावरात जाशील." पुडीवर नाव नाही, गाव नाही. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉईडच कुटून घातलेलं सापडलंय, फक्त किती ते कोणी लिहीत नाही. म्हणजे मी उतरतेय तोच जिना काकू मला चढायला सांगत होत्या! पण राग नाही आला. कापसाची वेचणी सुरू आहे, ज्या बाईची मजुरी किलोवर मोजतात तिला आज उठायचं असतं. माझी गोळी असर दाखवायला सहा ते बारा आठवडे घेणार, आणि तेवढं थांबणं मला परवडतं, कारण घरात जाऊबाई आहेत. काकूंना कोण आहे? त्यांना एवढंच म्हटलं, पुडी घेत असाल तर एकदम सोडू नका, माझ्यासोबत सेवाग्रामच्या दवाखान्यात चला, पुडीही घेऊन चला. "पाहू," म्हणाल्या.

सोमवारी रक्त द्यायचंय. एसजीपीटी (यकृताची तपासणी) आणि पेशी ठीक असल्या तर मेथोट्रेक्झेट वाढवणार. सकाळच्या एसटीला गर्दी असते, दांडा धरता येत नाही; जाऊबाई म्हणाल्या, "मी येतो, जागा धरतो."