तुम्ही विचारलंत म्हणून: खाणी बंद, मग मेटलर्जी कशाला?

गोव्यातल्या डिचोलीत माझा विषय मेटलर्जी, म्हणजे धातुशास्त्र, हे कळलं की लोक हमखास विचारतात, "खाणी बंद पडल्या, आता मेटलर्जी शिकून मुलाला काय मिळणार?" प्रश्न काळजीपोटी येतो. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या, तेव्हा ट्रकांचे हप्ते कसे थकले ते मी पाहिलंय. पण खाणकाम वेगळं, धातुशास्त्र वेगळं. आपली तांबडी माती, म्हणजे लोहखनिज, बार्जमधून मुरगाव बंदरात गेली, तिथून जहाजाने जपानला, चीनला. पुढे तिचं काय झालं ते आपण पाहिलं नाही, म्हणून ही गल्लत.

ट्रक खाणीतून निघाला की आमचं काम सुरू होतं. गोव्याचं खनिज हलक्या प्रतीचं. ते फोडून, धुऊन, गाळ काढून त्यातलं लोखंडाचं प्रमाण वाढवायचं, ही खनिज प्रक्रिया. मग निष्कर्षण, म्हणजे खनिजातून धातू वेगळा काढणं: इथल्या आमोण्याच्या झोतभट्टीत कोकमधला कार्बन खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि कच्चं लोखंड वाहू लागतं. ॲल्युमिनियमसाठी मात्र वीज लागते.

माझा जीव रमतो तो धातूच्या आतल्या रचनेत. पाडेल्याचा, म्हणजे नारळ पाडणाऱ्याचा, कोयता बनवताना लोहार लालभडक पातं पाण्यात बुडवतो, त्याला 'पाणी पाजतो'. तापलेल्या पोलादात कार्बन विरघळलेला असतो. पातं हळू निवलं तर तो विरघळलेल्या स्थितीतून बाहेर पडतो आणि पोलाद मऊ राहतं. एकदम निवलं तर त्याला निसटायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो आणि धार कठीण होते. पण ठिसूळही होते, म्हणून पातं पुन्हा बेताने तापवायचं, घासलेल्या भागावर गवती पिवळा रंग चढला की थांबायचं. रंगावरून तापमान ओळखणाऱ्या त्या लोहाराला मी धातुशास्त्रज्ञच मानतो.

ओतकाम, जोडकाम, धातू ताण किती सोसेल याचा अभ्यास, या आणखी शाखा. आणि गंज! किनाऱ्यावरच्या घरांत खारी हवा काँक्रीटमधून सळ्यांपर्यंत पोचते. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून स्लॅब आतून फुटतो आणि गॅलरीचे पोपडे पडतात. पूल, बार्ज, इमारती, सगळ्यांनाच हा रोग आहे आणि खाण बंद झाली म्हणून तो थांबत नाही. मुलाला रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र आवडत असेल, तर खुशाल घाला.