टपावरचा घुमट की तिपाईवरची डिश?

कॅम्पर व्हॅन घेतली तेव्हा टीव्ही डोक्यातही नव्हता. पहिल्याच लांबच्या प्रवासात अंतिम सामना हुकला आणि घरच्यांनी एकमताने ठराव केला : डिश हवी.

मला भुरळ पडली टपावरच्या घुमटाची. बटण दाबलं की आतली छोटी डिश आपली आपण फिरून उपग्रह हुडकते, गाडीतून उतरायचंही काम नाही. महाग प्रकरण, म्हणून आधी मित्राची घुमटवाली गाडी चार दिवस नेली. ऊन चढलं तशी शहाण्यासारखी झाडाखाली लावली. घुमट बराच वेळ घरघरला आणि पडद्यावर उमटलं, सिग्नल नाही. गाडी उन्हात काढली तर चित्र लख्ख, पण आत भट्टी!

हे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्याच वेगाने फिरतात, म्हणून आपल्याला एका जागी टांगल्यासारखे. तिथून येणाऱ्या केयू बँडच्या (खूप उच्च वारंवारतेच्या) लहरी इतक्या क्षीण की मधे पानांची गर्दी आली तरी खेळ खल्लास. जोराचा पाऊस आला तर उघड्यावरही तेच.

शेवटी तिपाईवरची साधी डिश घेतली. गाडी सावलीत आणि केबल सोडून डिश उघड्यावर. जुळवणी मात्र हातानेच. पहिल्या दिवशी दीड तास गेला. आधी होकायंत्राने फसवलं. व्हॅनच्या पत्र्याला खेटून धरलं की सुई भरकटते. दिशा सुधारली, तरी सिग्नल शून्य. घोळ उंचीच्या कोनात होता. या ऑफसेट डिशचा एलएनबी (सिग्नल टिपणारा भाग) मधोमध नसतो, खालच्या बाजूला असतो. त्यामुळे डिशचं तोंड जिथे दिसतं त्याच्या वीसेक अंश वरून ती सिग्नल घेते. मी मात्र ती आकाशाकडे वासून ठेवली होती. मागच्या पट्टीवरचा आकडा लावला, तिपाई आधी समतल केली (नाहीतर तो आकडाही खोटाच), मग केसभर सरकवायची, थांबायचं, पुन्हा केसभर. सेट-टॉप बॉक्सला सिग्नल पकडायला काही सेकंद लागतात. घाई केली की नेमकी जागा मागे सुटते.

वाऱ्याने एकदा अख्खी तिपाई आडवी केली. तेव्हापासून तिच्या मधल्या हुकाला पाण्याचा भरलेला कॅन टांगतो. आता दहा मिनिटांत चित्र येतं. चालत्या गाडीत मात्र ही डिश कामाची नाही. मुलांची ती तक्रार आहे, माझी नाही.