तो प्रश्न आमच्या मुलांना जास्तच सोपा गेला

चार दिवस झाले तरी एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून काढतेय.

देशोदेशीच्या मुलांच्या शिकण्याची तुलना करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासासाठी मी काम करते. प्रश्नांची आमच्या भाषेतली प्रत आणि तिच्यावर आलेला डेटा, दोन्ही माझ्याकडे. पिसा, टिम्स ही नावं रँकिंगच्या बातम्यांमुळे लोकांच्या कानावर असतात, त्यातलाच प्रकार. यात कुठल्याच मुलाला मार्क मिळत नाहीत हे सांगितलं की कुणाचा विश्वास बसत नाही. सगळे प्रश्न एका मुलाला देतच नाहीत, ते वेगवेगळ्या बुकलेटमध्ये वाटलेले असतात आणि शेवटी हाती येतो तो सगळ्या मुलांचा मिळून एक अंदाज. त्यामुळे भाषा बदलली तरी प्रश्नाचा अवघडपणा बदलता कामा नये, सगळं त्यावर उभं आहे.

त्या दिवशी मुख्य फेरीचे आकडे आले. वाचनाच्या एका प्रश्नापुढे खूण होती, म्हणजे आमच्याकडे त्याची उत्तरं अपेक्षेपेक्षा फार वेगळी आली होती. अशी खूण दिसली की पोटात गोळा येतो, कारण बहुतेक वेळा आपल्याकडे प्रश्न अवघड झालेला असतो. इथे उलटं होतं, आमच्या मुलांच्या बाकीच्या वाचनावरून जेवढी बरोबर उत्तरं यायला हवी होती त्याहून कितीतरी जास्त आली होती. शेजारी बसणारा सहकारी म्हणाला, "अगं चांगलंच आहे की, कशाला उकरतेस?" मला राग आला, अजून आहे. कामात हुशार माणूस आहे तो, पण आपला देश वर दिसला की आकडा तपासायचाच नाही ही सवय या क्षेत्रात फार जणांना आहे.

मग मूळ प्रत आणि आमची प्रत शेजारी ठेवून बसले. पिसामध्ये इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन मूळ प्रती असतात, दोन भाषांतरकार एकमेकांचं न बघता भाषांतर करतात, तिसरा माणूस ती दोन्ही जुळवतो आणि वर बाहेरचा तपासनीस ओळ न ओळ बघतो. आमच्याकडेही जवळपास तसंच. तीन तास वाचलं, एक चूक सापडली नाही, उलट वाक्यं मुळापेक्षा गोड वाटत होती.

आणि तिथेच होतं ते. प्रश्न गुप्त असतात म्हणून एक बनवलेलं उदाहरण देते. समजा उताऱ्यात आहे "हे कापड वर्षानुवर्षं विरत नाही" आणि प्रश्नात विचारलंय की कापडाच्या टिकाऊपणाबद्दल लेखक काय म्हणतो. न विरणं म्हणजेच टिकणं, हे मुलाने स्वतः जोडायचं, तपासायचं असतं ते हेच. आमच्या प्रतीत उताऱ्यातही "टिकाऊ" आणि प्रश्नातही "टिकाऊ". मुलाने शब्द शोधला की उत्तर शेजारीच. अर्थ लावायचा प्रश्न शब्द हुडकायचा झाला. मुळात समानार्थी शब्द असेल तर भाषांतरातही समानार्थीच ठेवा असं सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं, पण उतारा एका पानावर, प्रश्न दुसऱ्या पानावर, आणि तपासणारा वाक्य बघतो, दोन पानांमधला धागा कोण बघणार?

मीही नाही बघितला. वर्षभर आधीच्या चाचणी फेरीत याच प्रश्नाला हलकी खूण होती. नमुना छोटा होता, आणि मी शेरा लिहिला, "भाषांतर तपासलं, चूक नाही." त्यात खोटं काहीच नव्हतं.

मुख्य फेरी झाल्यावर दुरुस्ती होत नाही, आपल्यापुरता तो प्रश्न वगळायचा एवढंच उरतं. तसा एक प्रश्न म्हणजे काहीच नाही म्हणा, 2006 च्या पिसामध्ये बुकलेटच्या छपाईतल्या चुकीमुळे अमेरिकेचे वाचनाचे निकालच जाहीर झाले नव्हते. साहेबांनी एकच विचारलं, "काढला तर सरासरी किती खाली जाईल?" फारशी नाही म्हटल्यावर लगेच सही केली. फार गेली असती तर केली असती का, हे मला विचारायचं होतं, धीर झाला नाही.

संध्याकाळी बाकीचे प्रश्नही त्याच नजरेने बघत बसले आणि असाच आणखी एक निघाला. तो जुना आहे, मागच्या फेऱ्यांशी तुलना करता यावी म्हणून दरवेळी जसाच्या तसा ठेवतात आणि परवानगीशिवाय त्यातला स्वल्पविरामही हलवता येत नाही. तसाच ठेवला तर आमची आमच्याच जुन्या मुलांशी तुलना बरोबर राहते पण इतर देशांशी चुकत राहणार, आणि बदलला तर इतरांशी जमेल पण मागच्या सगळ्या वर्षांशी दुवा तुटेल. फॉर्ममध्ये दोन्ही बाजू नीट लिहिल्यात. "तुमची शिफारस" हा रकाना अजून रिकामा आहे आणि परवा फॉर्म पाठवायचाय.